पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का? बाप्तिस्म्यात नेमकं घडतं काय?

दुधनाकाठ

सर्वांना सलाम. धागा घरच्या प्रश्नातून काढतोय, पण चर्चा अर्थाची व्हावी ही इच्छा.

आमचं घर जालना जिल्ह्यातलं, पणजोबांपासून ख्रिस्ती मंडळीत. माझा आणि धाकट्या भावाचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला. पुढं दृढीकरण झालं, म्हणजे मोठेपणी मंडळीपुढं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केला, आणि प्रभुभोजन घेऊ लागलो. भाऊ आता वाळूजला कंपनीत आहे आणि तिथल्या एका फेलोशिपमध्ये जातो. त्याच्यात खरोखर बदल झालाय, हे आधीच सांगतो. पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचतो. एका सोयऱ्याशी किती तरी वर्षं बंद असलेलं बोलणं त्यानं स्वतः जाऊन सुरू केलं. आता तिथं त्याला सांगितलं गेलंय की लहानपणी डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्माच नव्हे. विश्वास ठेवल्यावर पूर्ण पाण्यात बुडून घेतात तोच खरा. भावाची तयारी झाली आहे.

आईच्या कानावर गेल्यापासून ती फारशी बोलत नाही. एवढंच म्हणाली, "तुला हातावर घेऊन मी देवापुढं नेलं, सगळी मंडळी उभी राहिली, ते वाया गेलं का रे?" भावाला उत्तर देता आलं नाही. मलाही आलं नाही.

म्हणून विचारतो. पाणी, वय, उच्चारलेले शब्द, देणारा माणूस, यांतलं काय असलं म्हणजे बाप्तिस्मा होतो? त्यात माणूस देवाला काही देतो की देव माणसाला? दुसऱ्या धर्मातल्या वाचकांनीही मोकळेपणानं विचारावं. कुठल्या मंडळीचं किंवा पास्टरांचं नाव घेऊन टीका मात्र नको.

जुनी_छावणी

सलाम. दृढीकरणाच्या वर्गाला बरीच वर्षं शिकवलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा शेवटचा प्रश्नच मूळ प्रश्न आहे. माझं उत्तर सरळ आहे: देव देतो, माणूस घेतो.

यार्देन नदीपासून सुरुवात करू. योहान पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत होता. आपली पापं कबूल करणारे लोक त्याच्याकडं येत होते. त्यांच्यातच येशू येऊन उभा राहिला. योहान त्याला अडवायला लागला, म्हणाला, मीच तुझ्या हातून घ्यायला पाहिजे. येशूनं ऐकलं नाही. ज्याला गरज नव्हती तो पाप्यांमध्ये पाण्यात उतरला, ही ख्रिस्ती बाप्तिस्म्याची पहिली गोष्ट. दुसरी त्याहून मोठी. तो पाण्यातून वर आला, आकाश उघडलं, आत्मा कबुतरासारखा उतरला आणि पित्याची वाणी आली की हा माझा प्रिय पुत्र, ह्याच्याविषयी मी संतुष्ट आहे. मत्तयाचं शुभवर्तमान क्रमानं वाचा. इथवर येशूनं एकही चमत्कार केलेला नाही, डोंगरावरचं प्रवचन व्हायचं आहे, कुणी शिष्य नाही. पित्याचा संतोष कामाच्या आधी आला. आपल्यावर पाणी पडतं तेव्हा ख्रिस्तामध्ये तोच शब्द आपल्यालाही मिळतो.

मग पौल. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय आईंना मोठ्यानं वाचून दाखवा. आपल्याकडं बाप्तिस्म्याला नवे कपडे, फोटो, जेवणावळ असते. आनंद करावाच. पण पौलाला या विधीत कबर दिसते. तो म्हणतो, ख्रिस्तामध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आपण सर्वांनी त्याच्या मरणात बाप्तिस्मा घेतला, त्याच्याबरोबर पुरले गेलो, अशासाठी की तो उठला तसं आपणही नव्या जीवनात चालावं. पाण्याखाली जाणारा जुना माणूस तिथंच राहतो. वर येणारा ख्रिस्ताचा असतो. आणि कुणी स्वतःला पुरू शकत नाही. ते दुसऱ्याच्या हातूनच होतं. म्हणूनच बाप्तिस्मा कुणी स्वतःचा स्वतः घेत नाही, बिशप असो की पाळक.

आता तुमची यादी. पाणी हवं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं हवं, तशी येशूची आज्ञा मत्तयाच्या शेवटी आहे. विश्वास हवा. पाणी किती, वय काय, देणारा किती पवित्र, यांवर बाप्तिस्मा उभा नाही.

देणाऱ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागात हे वारंवार ऐकू येतं: "त्या पाळकाचं वागणं बरोबर नव्हतं, त्याच्या हातचा बाप्तिस्मा कसला?" हा वाद चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला होता. सम्राट डायोक्लेशियनच्या छळात काही धर्मगुरूंनी घाबरून पवित्र शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर दोनातवादी म्हणवणारा गट उभा राहिला. अशा कलंकित हातांचा बाप्तिस्मा फोल, आमच्याकडं परत घ्या, असं त्यांचं म्हणणं. पुढं तिथल्याच बिशप ऑगस्टीननं त्याला उत्तर दिलं, ते मला आजही पुरतं. पेत्र बाप्तिस्मा देवो की यहूदा, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच असतो.

आईंना सांगा, काही वाया गेलेलं नाही.

नवा_जन्म_वाळूज

प्रभूची स्तुती असो. मी वाळूज भागातच राहतो, तुमच्या भावाची फेलोशिप कोणती ते माहीत नाही. पण मीसुद्धा तान्हेपणी पाणी घेतलेला आणि नोकरी लागल्यावर पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतलेला माणूस आहे. त्यामुळं दुसरी बाजू मांडली पाहिजे.

सर, तुम्ही 'विश्वास हवा' असं एका वाक्यात म्हणून पुढं गेलात. सगळा प्रश्न तिथंच आहे. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी पेत्र म्हणाला, पश्चात्ताप करा आणि प्रत्येकानं बाप्तिस्मा घ्या. आधी पश्चात्ताप, मग पाणी. त्याचं वचन स्वीकारलेल्या सुमारे तीन हजारांनी त्या दिवशी बाप्तिस्मा घेतला. फिलिप्पानं त्या हबशी अधिकाऱ्याला रथात बसून येशूची सुवार्ता सांगितली. वाटेत पाणी दिसल्यावर तो अधिकारी स्वतःच म्हणाला की बघा, इथं पाणी आहे, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? नव्या करारात तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा दिल्याचा एकही स्पष्ट प्रसंग नाही.

आणि पुन्हा बाप्तिस्मा होतच नाही असं नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा एकोणिसावा अध्याय बघा. इफिसात पौलाला बाराएक शिष्य भेटले, त्यांचा बाप्तिस्मा आधीच झाला होता. तरी पौलानं त्यांना प्रभू येशूच्या नावानं बाप्तिस्मा घ्यायला लावलाच.

मी पाण्यात उतरलो त्या दिवशी माझी दारू सुटली. पाण्यात जादू होती असं म्हणत नाही. पण त्या दिवशी मी शुद्धीवर होतो, माझ्या तोंडानं हो म्हणालो, आणि पुढं मोह झाला तेव्हा तो दिवस मला आठवत होता. तान्हेपणाचं मला काहीच आठवत नाही. हे खोटं कसं म्हणू?

मांजराकाठ

लातूरहून लिहायलोय. पाण्याच्या प्रमाणाबद्दल एकच मुद्दा.

२०१६ च्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेनं आम्हाला पाणी आलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीत एक बाप्तिस्मा ठरलेला होता. कुणी तरी विचारलं, पाऊस पडून तळं भरेपर्यंत थांबायचं का? तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी 'दिदाखे' नावाच्या अगदी जुन्या ख्रिस्ती लिखाणाचा आधार दिला होता. ते पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं समजतात. त्यात सांगितलंय: वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर कोमट चालेल. दोन्ही नसेल तर पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीन वेळा डोक्यावर पाणी ओता. देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं आधी उपास करावा, हेही आहे.

म्हणजे बुडवणं हीच पहिली पसंती दिसते, वाळूजवाले भाऊ म्हणतात त्यात तथ्य आहे. पण पाणी कमी पडलं म्हणून पहिल्या पिढ्यांनी कुणाला परत पाठवलं नाही. आमच्याकडं त्या दिवशी तांब्याभर पाण्यात बाप्तिस्मा झाला. मुलगा आज मंडळीत गाणी बसवायलाय.

पैठणकर_माळकरी

राम कृष्ण हरी. मी वारकरी घरातला, वाचक म्हणून आलो. गोदेकाठी वाढल्यामुळं स्नान आणि पाप धुणं ह्या कल्पना आम्हाला नव्या नाहीत. तुमचा बाप्तिस्मा पर्वस्नानासारखा आहे, की आमच्याकडं माळ घालतात त्यासारखा? माळ घातली की माणसाचं खाणं-पिणं, बोलणं, एकादशी सगळं बदलतं. आणि ती लहानपणी आईबापांनीही घातलेली असते.

जुनी_छावणी

पैठणकर माउली, फार नेमकं विचारलंत. पर्वस्नान पुन्हा पुन्हा करता येतं, दर पर्वाला नवं पुण्य. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच, कारण ख्रिस्त एकदाच मेला आणि एकदाच उठला. पेत्राच्या पहिल्या पत्रात स्पष्ट लिहिलंय की ही शरीराचा मळ धुण्याची गोष्ट नव्हे. त्या दृष्टीनं माळ जवळची, कारण दोन्हींत माणूस कुणाचा तरी होतो आणि त्याची जगण्याची रीत बदलते. फरक असा की माळेचा नेम माणूस सांभाळतो आणि नेम मोडला तर माळ उतरवावी लागते. बाप्तिस्मा उतरवता येत नाही. माणूस दूर गेला तरी देवानं दिलेला शब्द देव मागं घेत नाही. परत यायची वाट पश्चात्तापाची, पाण्याची नव्हे.

आता वाळूजकर भाऊ. तुमची साक्ष मी मनापासून मानतो. दारू सुटली हे देवाचंच काम. नव्या करारात बालबाप्तिस्म्याचा उघड प्रसंग नाही, हेही खरं. लुदियाचं घराणं, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचं घराणं, स्तेफनाचं घराणं यांचे बाप्तिस्मे आहेत. त्या घरांत लेकरं होती की नाही ते लिहिलेलं नाही. पण इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहितो की लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा, म्हणजे तोवर तो प्रघात पडलेला होता.

इफिसचा प्रसंग मात्र तुमच्या बाजूनं लागत नाही. त्या शिष्यांना योहानाचा बाप्तिस्मा मिळाला होता. पवित्र आत्मा आहे हेसुद्धा त्यांनी ऐकलं नव्हतं. ख्रिस्ताच्या नावाचा बाप्तिस्मा त्यांना पहिल्यांदाच मिळाला. ख्रिस्ताच्या नावानं झालेला बाप्तिस्मा पुन्हा दिल्याचं उदाहरण नव्या करारात मला सापडत नाही. इफिसकरांस पत्र म्हणतं, एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा.

आठवणीबद्दलही बोलू. आपला जन्म आपल्याला आठवत नाही, तरी आपण जन्मलो. तुम्ही शुद्धीवर 'हो' म्हणालात ते अमोल आहे, आणि ज्या मंडळ्या लेकरांना बाप्तिस्मा देतात त्यांनी मोठेपणीचं 'हो' फार स्वस्त करून ठेवलं, हा तुमच्या लोकांचा आरोप मला मान्य आहे. चार धडे पाठ झाले की दृढीकरण, मग लग्नापर्यंत तोंड नाही दाखवायचं. तरुणांना जे रिकामं वाटतं त्याचं मूळ इथं आहे. पण उपाय 'हो' म्हणायला लावण्याचा असावा. देवाचं आधीचं 'हो' रद्द करण्याचा नसावा.

उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) वेगवेगळ्या मंडळ्या मिळून २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात एकत्र आली, तेव्हा तिच्यात बालबाप्तिस्मा देणारेही होते आणि बॅप्टिस्ट, ब्रदरन यांच्यासारखे मोठेपणीच देणारेही. दोन्ही रीती एका मंडळीत मान्य झाल्या. एका मंडळीत दोघं नांदू शकतात, मग एका घरात का नाही?

घोगरगाव_परिसर

मी कॅथलिक, वैजापूर तालुक्यातली. पेशानं नर्स. आमच्याकडं विधीत पाण्याबरोबर पवित्र तेलाचा अभिषेक होतो, पांढरं वस्त्र देतात, ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून लावलेली मेणबत्ती धर्मपित्याच्या हातात देतात. प्रत्येक ईस्टरच्या जागरणाच्या मिस्सात सगळी मंडळी बाप्तिस्म्याची वचनं नव्यानं म्हणते आणि फादर पाणी शिंपडतात. आधीच्या बाप्तिस्म्याला धक्का न लावता ते ताजं होतं. भावाला अशी काही सोय हवी असेल असं वाटतं.

मला दुसरंच सांगायचं होतं. आमच्या शिकवणुकीप्रमाणं जीव धोक्यात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, अगदी स्वतःचा बाप्तिस्मा न झालेलं माणूससुद्धा, फक्त पाणी, ते शब्द आणि मंडळीला जे अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू हवा. प्रसूतिगृहात एका ख्रिस्ती आईचं दिवस न भरलेलं बाळ जात होतं. तिनं मला हात जोडून विनवलं. फादर यायला वेळ नव्हता. मी सलाइनच्या बाटलीशेजारचं साधं पाणी घेतलं, बाळाच्या कपाळावर तीनदा घातलं, नाव घेतलं. त्या बाळानं कसली साक्ष दिली, कसला पश्चात्ताप केला? काहीच नाही. त्याला फक्त मिळालं. बाप्तिस्मा म्हणजे काय, हे धर्मशिक्षणाच्या पुस्तकांपेक्षा मला त्या टेबलाशी कळलं.

आणि ज्या आयांच्या लेकरांना तेवढंही मिळालं नाही त्यांनी घाबरू नये. पूर्वी अशा बाळांसाठी लिम्बो नावाची वेगळी जागा मानत. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगानं सविस्तर विचार करून लिहिलं की अशी लेकरं तारली जातील अशी आशा धरायला भक्कम आधार आहे. वधस्तंभावरच्या चोराला तरी पाणी कुठं मिळालं होतं? त्याला येशूनं त्याच दिवशी सुखलोकाचं वचन दिलं.

मांजराकाठ

सिस्टर, वाचून डोळे भरले. एक भर घालतो. तुमच्या शेजारच्या अहिल्यानगरात मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं) जुनं रुग्णालय आहे. मुक्तिफौजेत पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत, त्यांचा भर आतल्या पालटावर. मला स्वतःला पाणी सोडणं पटत नाही, येशूची आज्ञा आहे म्हणून. पण त्यांच्या सेवेकडं बघून त्यांना ख्रिस्ताबाहेरचे म्हणायची माझी जीभ रेटत नाही.

नांदेड_भीमनगर

जय भीम. आमच्या आज्यानं १९५६ च्या दीक्षेनंतर गावातली जुनी कामं सोडली, देव्हारा काढला. आम्ही दीक्षेकडं मुक्ती म्हणून बघतो, बावीस प्रतिज्ञा त्यासाठीच. तुमच्या बाप्तिस्म्यानं जात जाते का? आमच्या भागात काही कुटुंबं रविवारी प्रार्थनेला जातात पण बाप्तिस्मा घेत नाहीत, जातीच्या दाखल्याचं कारण सांगतात. मग अर्थ आध्यात्मिक राहिला कुठं?

दुधनाकाठ

जय भीम, दादा. याचं उत्तर मीच देतो, आमच्या जालन्याचा इतिहास यात आहे.

रेव्हरंड नारायण शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या समाजात खळबळ उडाली. पुढं ते निजामाच्या मुलखात जालन्याला आले, शेजारी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्यांत मांग-महार समाजातली माणसं मोठ्या संख्येनं होती. ज्या काळात सावली चालत नव्हती त्या काळात एका ब्राह्मणाचा हात त्यांच्या मस्तकावर होता आणि दोघांवर एकाच नावाचं पाणी पडलं होतं. पौल गलतीकरांना लिहितो की बाप्तिस्म्यात ज्यांनी ख्रिस्त परिधान केला त्यांच्यात यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेद उरत नाही. माझ्यासाठी हा बाप्तिस्म्याच्या अर्थाचा गाभा आहे. सोयरीक बघताना आमच्यातही जात विचारली जाते, आणि प्रत्येक वेळी आम्ही आमच्याच बाप्तिस्म्याविरुद्ध बोलतो.

दाखल्याचं म्हणाल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेर आहेत. भूक आणि लेकरांचं शिक्षण समोर ठेवून थांबलेल्या माणसाला मी भित्रा म्हणणार नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाचेक वर्षांनी, स्वतःला पटल्यावर. आणि १९१७ साली त्याच टिळकांनी 'देवाचा दरबार' काढला तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही येशूभक्त त्यात यावेत अशी त्यांची इच्छा होती.

जुनी_छावणी

दुधनाकाठ, सुरेख लिहिलंत. नांदेडच्या दादांना एवढंच जोडतो: कर्नेल्य या रोमी सैन्याच्या शताधिपतीच्या घरी पाण्याच्या आधी पवित्र आत्मा उतरला होता. देव विधीला बांधलेला नाही. तरी पेत्रानं पाणी टाळलं नाही, लगेच बाप्तिस्मा द्यायला सांगितलं. मनात मानणं एक, आणि चारचौघांसमोर ओलं होऊन त्या लोकांमध्ये जाऊन बसणं वेगळं. दुसऱ्याला किंमत पडते, आणि ती किंमतही अर्थाचाच भाग आहे.

भावासाठी एक सुचवतो. मेथॉडिस्ट मंडळ्यांत नव्या वर्षी देवाशी केलेला करार नव्यानं करण्याची उपासना असते, जॉन वेस्लीनं १७५५ मध्ये ती सुरू केली. तुमच्या पाळकांना भेटून भावासाठी अशीच वचनांच्या नूतनीकरणाची उपासना ठेवता येईल. त्यानं मंडळीपुढं साक्ष द्यावी, गुडघे टेकावे, हवं तर पाळकांनी त्याच्या हातावर पाणी घालावं, फक्त 'मी तुला बाप्तिस्मा देतो' हे शब्द उच्चारू नयेत.

नवा_जन्म_वाळूज

सर, मत बदललेलं नाही. विश्वासानंतरचा बाप्तिस्माच वचनाला धरून आहे असं मी अजून मानतो, आणि माझ्या मुलांना मी तो त्यांनी मागितल्यावरच देईन. पण 'तुझा पहिला बाप्तिस्माच नव्हता' असं मी आता कुणाच्या आईच्या तोंडावर बोलणार नाही. तिनं त्या दिवशी विश्वासानंच लेकरू पुढं केलं होतं.

दुधनाकाठ दादा, भावाला घाई करू देऊ नका. निर्णय काहीही होवो, आधी आईसोबत बसून रोमकरांस सहा वाचा, तिघांनी.

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. भावाला धागा पाठवला होता, त्यानं पूर्ण वाचला. तारीख पुढं ढकलली आहे. तो म्हणतो, नूतनीकरणाच्या उपासनेचं पाळकसाहेबांशी तो स्वतः बोलेल, पण बुडण्याची ओढ अजून मनात आहे, आणि ती दाबून टाकायची नाही. रविवारी घरी येतोय. आईनं विचारलं, त्या नर्सबाई कुठल्या गावच्या? सिस्टर, चालत असेल तर तिला तुमच्याशी बोलायचं आहे. इथंच निरोप पाठवतो.